पहाटेची झोप उडते तर उडू द्या: नागपूरकरांसाठी एका दिवसाचे पायी स्टॉकहोम

उन्हाळ्यात नागपूरचे घड्याळ स्टॉकहोमच्या साडेतीन तास पुढे असते. त्यामुळे तिथे पोहोचल्यावर पहिले दोन-तीन दिवस पहाटे साडेचार-पाचलाच जाग येते, कारण शरीराच्या हिशेबाने तेव्हा साडेआठ वाजलेले असतात. बहुतेक प्रवासी कूस बदलत हॉटेलची न्याहारी सुरू होण्याची वाट पाहतात. माझ्या मते ही उडालेली झोप म्हणजे फुकट मिळालेली सवलत आहे. जूनमध्ये तिथे सूर्य साडेतीनच्या सुमारास उगवतो, आणि दिवसा माणसांनी ओसंडणारे जुने शहर पहाटे जवळपास रिकामे असते. पुढचा सगळा क्रम या एका गोष्टीवर बेतलेला आहे.

पायी अंतर एकूण आठ-नऊ किलोमीटर भरते. कोपऱ्यावरच्या पानठेल्यापर्यंतही गाडी काढणाऱ्या आपल्यासारख्यांनी निघण्यापूर्वी महिनाभर सेमिनरी हिल्सच्या चढावर रोज तासभर चालण्याची सवय करावी. बूट वापरून मऊ झालेलेच असावेत. जुन्या शहरातील गोट्यांची फरसबंदी नव्या बुटांतील टाचांना दुपारपर्यंत सोलून काढते, हे मी अनुभवाने सांगतो. जूनमध्येही एक स्वेटर आणि पाऊस अडवणारे पातळ जाकीट पिशवीत ठेवावे. रोख रक्कम तिथे अनेक ठिकाणी घेतच नाहीत, म्हणून परदेशात चालणारे कार्ड सुरू करून घेणे अत्यावश्यक आहे. पाण्याची बाटली मात्र विकत घेऊ नये, कारण नळाचे पाणी उत्तम असते.

सहाच्या आत गामला स्तान, म्हणजे जुन्या शहराच्या बेटावर पोहोचावे. वेस्टरलोंगगाटान हा तिथला मुख्य रस्ता स्मृतिवस्तूंच्या दुकानांचा असून तो रेंगाळण्यासारखा नाही. त्याला समांतर वरच्या अंगाने जाणारी प्रेस्टगाटान ही शांत गल्ली धरावी. तिच्या एका कोपऱ्यावर भिंतीत चक्क एक रूनशिळा, म्हणजे प्राचीन नॉर्डिक लिपी कोरलेला दगड, बांधकामाचा साधा दगड समजून बसवलेला आहे आणि त्याच कोपऱ्याला तोफेची जुनी नळी उभी केलेली आहे. याच गल्लीतून मॉर्टेन ट्रोत्झिग या जुन्या व्यापाऱ्याच्या नावाची बोळ ३६ पायऱ्यांनी खाली उतरते. अरुंद जागी ती जेमतेम ९० सेंटीमीटर आहे. नागपूरच्या महाल वस्तीतील बोळांत लहानपण गेलेल्याला तिचे अप्रूप कमी वाटेल, पण दिवसा इथे छायाचित्रासाठी रांग लागते आणि पहाटे ती फक्त आपली असते.

मधला चौक स्तूरतोर्येत. रंगीत, उभ्या घरांच्या या देखण्या चौकात नोव्हेंबर १५२० मध्ये डेन्मार्कच्या दुसऱ्या क्रिस्टियन राजाने स्वीडनमधील ऐंशीहून अधिक सरदार, धर्मगुरू आणि नागरिकांचा शिरच्छेद करवला. चौकाच्या एका बाजूला जुन्या शेअर बाजाराच्या इमारतीत नोबेल पुरस्काराचे संग्रहालय आहे. ते सकाळी उशिरा उघडते आणि एकाच दिवसाच्या मुक्कामात मी ते वगळीन. पण नागपूरकराने दारासमोर क्षणभर थांबावे, कारण १९३० चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवणारे सी. व्ही. रामन १९१० च्या सुमारास काही काळ आपल्या नागपुरात सरकारी अर्थखात्यात नोकरी करत होते. राजवाड्यासमोरच्या फिनिश चर्चमागील अंगणात पंधरा सेंटीमीटर उंचीचा, गुडघे पोटाशी घेऊन बसलेला लोखंडी मुलगा आहे. लोक त्याच्यापुढे नाणी ठेवतात आणि थंडीत त्याला विणलेली टोपी घालतात.

तिथून पश्चिमेकडे रिद्दारहोल्मेन या चिमुकल्या बेटावर जावे. ओतीव लोखंडाच्या जाळीदार मनोऱ्याच्या चर्चमध्ये स्वीडनच्या राजांच्या समाधी आहेत. त्यांपैकी दुसरा गुस्ताव अडॉल्फ हे नाव लक्षात ठेवावे. दुपारी त्याच्याशी पुन्हा गाठ पडणार आहे. बेटाच्या टोकाशी पाण्यापलीकडे विटांचा सिटी हॉल दिसतो, आणि पुलांवरून वळसा घेत तिथे पोहोचायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. १९२३ मध्ये पूर्ण झालेली ही वास्तू आतून फक्त मार्गदर्शकाबरोबर पाहता येते, म्हणून सकाळचीच फेरी धरावी. जिथे दरवर्षी १० डिसेंबरला नोबेलची मेजवानी होते ते ‘निळे दालन’ निळे नाहीच. वास्तुकार राग्नार ऑस्टबर्ग त्याला निळा गिलावा देणार होता, पण उघड्या विटांचा लाल रंग पाहून त्याने बेत बदलला आणि नाव तेवढे मागे राहिले.

आता पूर्वेकडे परत फिरावे. राजवाड्यातील पहारेबदल उन्हाळ्यात साधारण सव्वाबाराला आणि रविवारी सव्वाएकला असतो. आदल्या दिवशी वेळ तपासावी आणि वेळ जुळत नसेल तर हळहळू नये. दुपारच्या जेवणासाठी ‘दागेन्स लुंच’ अशी पाटी शोधावी. कामाच्या दिवशी दुपारी दीड-दोनपर्यंतच मिळणाऱ्या या ठराविक दराच्या थाळीत बहुधा सॅलड, पाव आणि कॉफी धरलेली असते. शाकाहारी पदार्थही बऱ्याच ठिकाणी असतो, पण विचारूनच घ्यावा. तर्री पोह्यांवर वाढलेल्या जिभेला ते जेवण सौम्य वाटेल. मात्र नंतर कॉफीबरोबर विलायचीचा ‘कार्डेमुम्माबुल्ले’ हा गोड पाव खाल्ला की तक्रार उरत नाही.

पुढे पाण्याकडेच्या स्ट्रांडवेगेन रस्त्याने पूल ओलांडून यूरगोर्डेन बेटावर जावे. सायकलींच्या मार्गिकेत चुकूनही रेंगाळू नये, सायकलस्वार वेगात येतात. या बेटावर पाहण्यासारखे पुष्कळ आहे, पण आज फक्त वासा जहाजाचे संग्रहालय पाहावे आणि त्याला किमान दोन तास द्यावेत.

सकाळी ज्याची समाधी पाहिली त्या गुस्ताव अडॉल्फने पोलंडशी चाललेल्या युद्धासाठी हे ६४ तोफांचे जहाज बांधवून घेतले. ते वर अवजड आणि खाली अरुंद झाले होते. निघण्यापूर्वी तीस खलाशांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत धावायला लावून स्थैर्याची चाचणी घेतली, तेव्हा जहाज इतके हेलकावू लागले की तिसऱ्या धावेनंतर चाचणीच थांबवली. राजा दूर रणांगणावर होता आणि जहाज लवकर हवे म्हणून त्याचा तगादा सुरू होता. १० ऑगस्ट १६२८ रोजी वासा निघाले, वाऱ्याच्या झोताने कलले, तोफांच्या उघड्या झरोक्यांतून पाणी शिरले आणि सुमारे तेराशे मीटर जाऊन ते बंदरातच बुडाले. बाल्टिक समुद्राचे पाणी फारसे खारट नसल्याने लाकूड पोखरणारा जहाजकिडा तिथे जगत नाही. म्हणून १९६१ मध्ये वर काढले तेव्हा ३३३ वर्षांनंतरही ते जवळजवळ अखंड होते. लाकूड तडकू नये म्हणून त्यावर पुढे सतरा वर्षे मेणासारख्या रसायनाचे द्रावण फवारत राहिले.

आत उजेड मंद आणि हवा गार ठेवलेली असते, तेव्हा पिशवीतील स्वेटर इथे चढवावा. वरच्या मजल्यावरून पाहत खाली यावे, म्हणजे आधी जहाजाच्या मागील भागावरचे कोरीवकाम डोळ्यांसमोर येते आणि शेवटी तळाशी त्यात बुडालेल्या माणसांचे सांगाडे.

परतताना पाय बोलू लागलेले असतात. हट्टाने चालू नये. यूरगोर्डेनवरून स्लूसेनला जाणाऱ्या बोटीला शहर बससेवेचेच तिकीट चालते. स्लूसेनहून चढ चढून मोंटेलियसवेगेन या कड्यावरच्या पायवाटेला लागावे. सकाळी पाहिलेला सिटी हॉल, रिद्दारहोल्मेनचा जाळीदार मनोरा आणि मधले पाणी, सगळे तिथून एका नजरेत येते. साडेआठपर्यंत बसावे, फार तर नऊ. उजेड पाहून आणखी थांबण्याचा मोह होईल, कारण जूनमध्ये सूर्य दहानंतर मावळतो. पण नागपुरात तेव्हा मध्यरात्र उलटलेली असते. खोलीवर जाऊन जाड पडदे पूर्ण ओढून घ्यावेत, नाहीतर साडेतीनलाच डोळ्यांवर ऊन येते.