यिर्मयाचं विलापगीत ग्रेगोरियन चालीत कसं गायचं

ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यातल्या टेनेब्रेच्या, म्हणजे अंधारातल्या जुन्या लॅटिन उपासनेत गुरुवार, शुक्रवार, शनिवार असे तीन दिवस रोज तीन, म्हणजे एकूण नऊ विलापपाठ गातात. बॅबिलोनने उद्ध्वस्त केलेल्या यरुशलेमसाठीचा, बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या नावावरचा हा आक्रोश आहे, आणि माझ्या मते चर्चसंगीतात यापेक्षा दुःखी काही नाही. शिकायचं असेल तर गुरुवारचा पहिला पाठ घ्या.

ग्रेगोरियन म्हणजे कॅथलिक चर्चचं जुनं, एकाच सुरावटीचं गायन; त्याचं नोटेशन चार रेघांचं, चौकोनी स्वरांचं असतं, त्याला घाबरू नका. या पाठांच्या रोमन चालीत पाश्चात्त्य 'फा' या स्वराला सा धरा, मग बहुतेक सगळं काम सा रे ग म एवढ्यातच होतं. सुरुवात सा वरून, रे ला स्पर्श करून ग वर, मग शब्द ग वरच म्हणत राहायचे, मधे म ला हात लावायचा आणि शेवटी सा वर टेकायचं. ग इथे शुद्ध आहे बरं का, कोमल नाही! दुःख येतं ते त्याच त्या स्वरावर परत परत येण्यातून, म्हणून आवाजात मुद्दाम रडवेपणा आणू नका, फार वाईट वाटतं ऐकायला.

ताल नाही, ठेका नाही, शब्दांचं वजन तेवढं सांभाळा. "क्वोमोदो सेदेत सोला चिवितास प्लेना पोपुलो" (माणसांनी गजबजलेली नगरी कशी एकटी बसलीय) यातल्या प्रत्येक शब्दात पहिल्या अक्षरावर हलका जोर द्यायचा, आधी नुसतं वाचून बघा, आपोआप लय सापडते आणि मग स्वर लावले की कुठे अडखळायला होत नाही. दीर्घ श्वास ओळीच्या मधे येणाऱ्या उभ्या रेघेवर घ्या, शब्द तोडून नको.

शनिवारचा शेवटचा पाठ सोडला तर प्रत्येक कडव्याआधी आलेफ, बेथ, गिमेल अशी हिब्रू अक्षरं येतात, कारण मूळ काव्य वर्णमालेच्या क्रमाने रचलंय. यांना अर्थ नाही म्हणून लोक उरकून टाकतात, तसं करू नका, तिथेच चाल खरी उलगडते, सावकाश गा.

हार्मोनियमवर सा घ्या आणि बंद करा, टेनेब्रेत हे वाद्याशिवायच गातात. आणि पंधरापैकी चौदा मेणबत्त्या स्तोत्रागणिक एकेक विझत जातात, त्यामुळे अंधार वाढत जातो, तेव्हा पाठ झालेलं असलेलं बरं. निदान प्रत्येक पाठाच्या शेवटची "येरुसालेम, येरुसालेम, कोन्वेर्तेरे आद दोमिनुम देउम तुउम" (तुझ्या देवाकडे परत फिर) ही ओळ तरी, कारण ती नऊही वेळा येते.