क्रूझवरून परतताना खरेदी कस्टम्समध्ये कशी जाहीर करावी : नाशिकच्या प्रवाशांसाठी

नाशिकहून क्रूझला जाणारी बरीच मंडळी मुंबईहून विमानाने सिंगापूरला जातात, तेथे जहाजात चढतात, पेनांग किंवा फुकेतला एखादा दिवस घालवून पुन्हा सिंगापूरला उतरतात आणि मग विमानाने मुंबईला परततात. अशा सहलीत कस्टम्सशी गाठ दोनदा पडते, एकदा जहाजातून सिंगापूरला उतरताना आणि दुसऱ्यांदा मुंबई विमानतळावर, ही गोष्ट सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत क्वचितच लिहिलेली असते. दोन्ही देशांचे नियम वेगळे आहेत. त्यामुळे मुंबईत चालणारी वस्तू सिंगापूरमध्येच अडकू शकते.

तयारी घरूनच सुरू करावी. महागडे दागिने घालून जाणार असाल, तर निघताना विमानतळावरील कस्टम्स अधिकाऱ्यांकडून त्यांचे निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावे. त्यासाठी सराफाची मूळ पावती किंवा मूल्यांकनाचा दाखला आणि दागिन्यांची छायाचित्रे जवळ असावीत, आणि विमानतळावर नेहमीपेक्षा तासभर आधी पोहोचावे. हा कागद नसला, तर परतताना गळ्यातला हार आपलाच आहे आणि तो इथूनच नेला होता, हे सिद्ध करण्याची कसरत आपल्यालाच करावी लागते. परदेशी बनावटीचे महागडे घड्याळ किंवा कॅमेरा यांनाही हेच लागू आहे.

जहाजावरील दुकानांत रोख पैसे चालत नाहीत. खरेदी खोलीच्या कार्डावर नोंदवली जाते आणि शेवटी एकत्रित बिल मिळते. त्या बिलात बहुधा दुकानाचे नाव आणि रक्कम एवढेच असते, म्हणून प्रत्येक वस्तूची स्वतंत्र पावती दुकानातच मागून घ्यावी. शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा खोलीबाहेर ठेवाव्या लागतात आणि त्या सकाळी बंदरावरच हाती येतात. पावत्या, पासपोर्ट आणि मौल्यवान वस्तू त्यांत टाकू नयेत.

सिंगापूरला उतरताना सर्वाधिक गोंधळ सिगारेट आणि मद्य यांवरून होतो. सिंगापूर तंबाखूजन्य पदार्थांवर कोणतीही करमाफी देत नाही, त्यामुळे जहाजावर स्वस्त मिळालेले सिगारेटचे पाकीटसुद्धा तेथे जाहीर करावे लागते. मद्याची सवलत 18 वर्षे पूर्ण झालेल्या आणि किमान 48 तास सिंगापूरबाहेर राहून आलेल्या प्रवाशालाच मिळते, आणि मलेशियाहून येणाऱ्याला ती मिळतच नाही. जहाजाचा शेवटचा थांबा कोणता होता, हे म्हणूनच महत्त्वाचे ठरते. ई-सिगारेट सिंगापूर आणि भारत या दोन्ही देशांत बंद आहे. ती घेऊच नये. शहरातील दुकानांत भरलेल्या 9 टक्के जीएसटीचा परतावा सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परतणाऱ्या क्रूझवर चढताना मिळत नाही. तो चांगी विमानतळावरून मायदेशी निघताना घ्यावा. असा परतावा मिळाला म्हणून भारतातील शुल्क माफ होत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

आता मुंबई. 2016 च्या बॅगेज नियमांनुसार सर्वसाधारण सवलत 50,000 रुपयांची होती. फेब्रुवारी 2026 पासून लागू झालेल्या नव्या नियमांत ती भारतीय रहिवाशांसाठी 75,000 रुपये झाली आहे. वापरातले कपडे आणि सामान यांत धरले जात नाही, तसेच 18 वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप वेगळा आणता येतो. जहाजावरच्या किंवा विमानतळावरच्या ड्युटी फ्री दुकानातील खरेदी मात्र याच मर्यादेत मोजली जाते. पती-पत्नीला आपापल्या सवलती एकत्र करता येत नाहीत. समजा, एकाने 1,20,000 रुपयांचे घड्याळ घेतले, तर 45,000 रुपयांवर शुल्क बसते. गेली कित्येक वर्षे बॅगेजसाठी लागू असलेल्या 38.5 टक्के दराने हे शुल्क 17,325 रुपये होते. परदेशी चलनातील किमतीचे रूपांतर सरकारने अधिसूचित केलेल्या विनिमय दराने होते, कार्डाच्या बिलावरील दराने नव्हे.

काही वस्तूंना ही सवलत लागूच नाही. सपाट पडद्याचा टीव्ही, दागिन्यांखेरीज इतर रूपातील सोने-चांदी, तसेच 100 पेक्षा अधिक सिगारेटी आणि 2 लिटरहून अधिक मद्य त्यांत येते. 750 मिलीलिटरच्या तीन बाटल्या म्हणजे सव्वादोन लिटर होतात, हे घेणाऱ्याच्या लक्षात येत नाही. (द्राक्षबागांच्या गावी परदेशातून वाईन ओढत आणावी का, हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवावा.) दागिन्यांची वजनावर आधारित सवलत, स्त्रियांना 40 ग्रॅम आणि इतरांना 20 ग्रॅम, केवळ एक वर्षाहून अधिक काळ परदेशात राहिलेल्यांसाठी आहे, आठवडाभराच्या क्रूझ प्रवाशाला तिचा काही उपयोग नाही. परकीय चलनाच्या नोटा 5,000 अमेरिकी डॉलरहून अधिक असतील, तर त्याही जाहीर कराव्या लागतात.

शुल्कपात्र काही नसेल तर कोणताही फॉर्म न भरता हिरव्या मार्गाने जाता येते. असेल तर घोषणापत्र भरून लाल मार्गाने जावे. ते ‘अतिथी’ या अधिकृत ॲपवरून आधीच भरता येते. सामानाची घोषणा करण्याची जबाबदारी सीमाशुल्क अधिनियम 1962 च्या कलम 77 नुसार प्रवाशाची स्वतःची आहे, सहल आयोजकाची नव्हे. बाहेर गाडीवाला खोळंबला आहे आणि कसारा घाट अजून चढायचा आहे, या घाईत लोक हिरव्या मार्गाला लागतात. पण तेथे अघोषित वस्तू सापडली, तर शुल्काबरोबर दंड भरावा लागतो आणि वस्तू जप्तही होऊ शकते. किमतीविषयी शंका असेल, तर लाल मार्गावर पावती दाखवून विचारणे केव्हाही स्वस्त पडते. दिल्लीमार्गे ओझरला, म्हणजे नाशिकच्या विमानतळावर, येणाऱ्यांनी बॅगा दिल्लीतच ताब्यात घेऊन ही प्रक्रिया तेथेच पूर्ण करावी.

शुल्क भरल्याची पावती खरेदीच्या बिलाला जोडून ठेवावी आणि तिचे छायाचित्र फोनमध्ये असू द्यावे. तेच घड्याळ हातात घालून पुन्हा परदेशी गेलात, तर परतताना ती पावती दाखवता येते.