बॉबी राजदूत चढाला दम टाकते? आधी दाते मोजा

जुनी राजदूत जीटीएस मोटरसायकल, म्हणजे आपली बॉबी, चढाला धापा टाकत असेल आणि इंजिन ठीकठाक असेल तर लगेच मागचं मोठं चेनव्हील शोधत फिरू नका.

१. पुढच्या-मागच्या स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चाकांचे (चेनव्हीलचे) दाते मोजा, खडूने एका दात्यावर खूण करा नाहीतर मोजताना हमखास गडबड होते.
२. मागचे भागिले पुढचे. समजा ४५ आणि १५, रेशो ३. हा आकडा वाढला की चढाला ओढ वाढते.
३. पुढचा फक्त एक दाता कमी करा, १४ केले की ३.२१, मागे तीन दाते वाढवल्यासारखंच, आणि खर्च बराच कमी.

सपाट रस्त्यावर टॉप स्पीड थोडा जाणार, तेव्हा हायवेवर उगाच पिळू नका. आणि चेन घासलेली असेल तर तीही बदला, नवीन दात्यांवर जुनी चेन कटकट उड्या मारते.