वजन कमी करण्याचं ऑपरेशन: निर्णयाआधी आणि नंतर या चुका टाळा

‘ताई, माझं वजन 112 आहे. ऑपरेशननंतर 60 होईल ना?’

वजनाचं ऑपरेशन केलेल्या आणि करू पाहणाऱ्यांच्या आमच्या ग्रुपवर दर रविवारी कुणीतरी हे विचारतं. आकडे बदलतात, प्रश्न तोच असतो. पाच वर्षांपूर्वी मी स्लीव्ह, म्हणजे जठर कापून लहान करण्याचं ऑपरेशन, करून घेतली तेव्हा माझं वजन 112च होतं, आणि मीही डॉक्टरांना नेमकं हेच विचारलं होतं. त्यामुळे उत्तर माझ्याच आकड्यांवर देते.

टक्के कशाचे, हे न विचारणं

माहितीपत्रकात लिहिलेलं होतं, ‘60 ते 70 टक्के वजन उतरतं’. लिहायचं राहिलं होतं ते म्हणजे हे टक्के कशाचे. ते एकूण वजनाचे नसतात, जादा वजनाचे असतात. माझी उंची 160 सेंमी. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, 25 धरला तर माझं वजन 64 किलो हवं. 112 मधून 64 गेले, जादा राहिले 48. त्याचे 60 टक्के म्हणजे जेमतेम 29 किलो, 70 टक्के म्हणजे साडेतेहतीस. म्हणजे सगळं सुरळीत पार पडलं तरी माझा काटा 78 ते 83 च्या आसपास थांबणार होता. 60 कुठे आणि 80 कुठे! एवढं गणित तर सातवीतल्या मुलालाही येतं, पण ते करायला मला कुणी सांगितलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

हाच हिशेब सोप्या भाषेत: पहिल्या दीड-दोन वर्षांत एकूण वजनाच्या साधारण 25 ते 30 टक्के उतरतं. त्यानंतर थोडं परत येतं, आणि ते जवळजवळ सगळ्यांचंच येतं. फिनलंडमध्ये 240 रुग्णांवर झालेल्या स्लीव्हपास चाचणीत दहा वर्षांनंतर स्लीव्हवाल्यांचं साधारणपणे 43.5 टक्के आणि बायपासवाल्यांचं (हृदयाचं नव्हे, अन्नाची वाट वळवणारं पोटाचं दुसरं ऑपरेशन) 50.7 टक्के जादा वजन उतरलेलं होतं. हे माझ्या 48 किलोंना लावलं तर दहाव्या वर्षी मी 90 च्या घरात असू शकते. माझं सर्वांत कमी वजन 77 झालं होतं, सोळाव्या महिन्यात. आज 84 आहे. सरासरीत बसते मी.

मग मिळालं काय? झोपेत श्वास अडकू नये म्हणून रात्री नाकावर लावायचं मशीन बंद झालं, बीपीच्या दोन गोळ्यांची एक झाली, आणि लिफ्ट बंद असली की मी आता शेजाऱ्यांच्या आधी तिसऱ्या मजल्यावर पोचते. स्वीडनमध्ये 1987 साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासातही ऑपरेशन झालेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी आढळलं. ऑपरेशन काम करतंच. फक्त ते काटा 60 वर आणून ठेवत नाही, आणि 60 ची आस धरून बसलेल्या बाईला 80 किलोंवर, मशीनशिवाय शांत झोपतानाही, आपण फसलो असंच वाटत राहतं. मी जवळजवळ वर्षभर असं वाटून घेतलं.

‘चरबी काढतात ना?’

नाही. ते लायपोसक्शन, आणि तो वजन कमी करण्याचा उपायच नाही. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग कापून बाहेर काढतात, उरते केळ्यासारखी नळी. कापलेला भाग परत जोडता येत नाही. बायपासमध्ये वरच्या बाजूला छोटीशी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. दोन्ही दुर्बिणीतून होतात, दोन्हींत पोटावरची चरबी जिथल्या तिथे असते आणि पुढे हळूहळू वापरली जाते.

शेजारणीनं स्लीव्ह केली म्हणून आपणही स्लीव्ह

ही चूक महागात पडते, आणि आपल्याकडे तर जास्तच, कारण ॲसिडिटीला आपण आजारच मानत नाही. झोपताना उशाशी दोन उशा, कपाटात गुलाबी औषधाची बाटली, ‘मला पहिल्यापासूनच आहे’ हे वाक्य. स्लीव्हनंतर जठराची ती अरुंद नळी जास्त दाबाखाली असते आणि आम्ल वर ढकललं जातं. वर सांगितलेल्या फिनिश चाचणीत दहा वर्षांनी एंडोस्कोपी (तोंडातून नळी घालून आतली तपासणी) केली तेव्हा अन्ननलिकेला सूज दिसली ती स्लीव्हवाल्यांपैकी 31 टक्क्यांना, बायपासवाल्यांपैकी 7 टक्क्यांना. तेव्हा जळजळ असेल तर ती आधी सांगा, ऑपरेशनआधी एंडोस्कोपी झाली आहे ना ते बघा, आणि ‘माझ्यासाठी स्लीव्हच का?’ हे तोंड उघडून विचारा. चांगला सर्जन या प्रश्नानं चिडत नाही. जो चिडतो त्याला सोडून दुसऱ्या सर्जनचं मत घ्या.

बायपासचीही बिलं असतात. लोह, बी12, कॅल्शियम यांची कमतरता जास्त, गोड खाल्लं की घाम आणि धडधड, आणि डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या टाळायच्या, कारण जोडाच्या जागी अल्सर होतो. ओळखीतल्या एका काकांना गुडघेदुखीसाठी फॅमिली डॉक्टरांनी नेहमीची गोळी दिली, कारण बायपास झाल्याचं काकांनी सांगितलंच नव्हतं. पाकिटात चिठ्ठी ठेवा: कुठलं ऑपरेशन, कधी, काय घ्यायचं नाही. तंबाखू, मिश्री, सिगारेट हेसुद्धा त्याच अल्सरचे सोबती. मिश्रीला व्यसन न मानणाऱ्या आज्या आणि मावश्या घरोघरी आहेत, म्हणून नाव घेऊन लिहिलं.

मधुमेह कायमचा गेला असं धरून चालणं

साखर सुधारते, बऱ्याचदा घरी यायच्या आतच. अमेरिकेतल्या स्टॅम्पीड चाचणीत पाच वर्षांनंतर एचबीए1सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) 6 किंवा त्याखाली होतं ते बायपासवाल्या 29 टक्के, स्लीव्हवाल्या 23 टक्के आणि फक्त औषधांवर असलेल्या 5 टक्के रुग्णांचं. आकडे दोन्ही बाजूंनी वाचा. औषधांपेक्षा ऑपरेशन कितीतरी सरस, आणि तरीही दहातले सात जण त्या रेषेच्या वरच. मधुमेह जुना असेल, इन्शुलिन चालू असेल तर आशा त्या मानानं आखूड ठेवावी. गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत, आणि पूर्वीचाच डोस तसाच चालूही ठेवू नये. साखर एकदम खाली येऊ शकते.

‘लग्नाआधी उरकून घेऊ’

याबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलीला आई-वडील ओपीडीत घेऊन येतात. मुलगी गप्प, बोलते आई: ‘स्थळं येतायत, पण फोटो बघून परत जातायत.’ ऑपरेशननंतर साधारण 12 ते 18 महिने गर्भधारणा टाळायची असते. इकडे लग्न झाल्या-झाल्या सासरी पाळण्याची घाई. शिवाय पीसीओडी असलेल्या मुलींची पाळी वजन उतरताच नियमित होते, दिवस राहण्याची शक्यता वाढते, आणि बायपास झाला असेल तर गर्भनिरोधक गोळीच्या भरवशावर राहता येत नाही. हे सगळं होणाऱ्या नवऱ्याला माहीत नसेल तर ती मुलगी काय काय लपवणार? दोन घास खाऊन ताट सारलं की ‘नखरे’, गोळ्यांचा डबा दिसला की ‘काय झालंय हिला?’. मुलीला स्वतःला हवं असेल आणि प्रकृतीला गरज असेल तर जरूर करावं. फोटोसाठी नको. तसंही एवढं वजन उतरलं की दंड, पोट, मांड्यांची कातडी लोंबते. ब्लाउजची बाही ढगळ होते आणि तरी दंड तिच्यात बसत नाही, हा अनुभव मला कुणी आधी सांगितला नव्हता. ती कातडी काढायचं ऑपरेशन वेगळं, खर्च वेगळा.

डॉक्टर हो म्हणाले म्हणजे विमाही हो म्हणेल, हा समज

दोघांचे निकष वेगळे. 2022 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार आशियाई लोकांमध्ये बीएमआय 27.5 पासून या ऑपरेशनचा विचार होऊ शकतो. विमा नियामक इर्डाची अट मात्र बीएमआय 40, किंवा 35 आणि सोबत गंभीर आजार, जसं आटोक्यात न येणारा टाइप 2 मधुमेह, हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं). वय 18 पूर्ण, आणि आधीचे सौम्य उपाय फसल्याची नोंद हवी. म्हणजे 33 बीएमआय आणि मधुमेह असलेल्या माणसाला ऑपरेशनचा सल्ला मिळेल, पण क्लेम नाकारला जाईल. आधीच लेखी विचारा. आणि पॅकेजच्या आकड्यात जन्मभराच्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या व दरवर्षीच्या रक्ततपासण्या धरलेल्या नसतात, तो हिशेब घरी मांडा.

‘शेवटचं म्हणून’ खाणं

ऑपरेशनआधी बहुधा दोन आठवडे कमी उष्मांकाचा आहार देतात. कारण साधं आहे: यकृत आकसतं, सर्जनला जठरापर्यंत पोचायला जागा मिळते. आपण काय करतो? सोमवारी मिसळ, मंगळवारी बिर्याणी, बुधवारी मामाकडे पुरणपोळी, ‘नंतर कुठे मिळणार?’. नंतर सगळं मिळतं हो, दोन घास. मी स्वतः श्रीखंडाचा अर्धा किलोचा डबा संपवून ॲडमिट झाले होते, तेव्हा उपदेशाचा अधिकार मला नाही, एवढंच सांगते की करू नका.

घरी आल्यावर काय बिघडतं

पोळी अडकते. पहिल्या काही महिन्यांत पोळी, चिकट भात, कोरडं चिकन छातीत दगडासारखं बसतं. त्यावर पाणी पिऊन ढकलायला गेलात की सगळं वर येतं. घास करंगळीच्या नखाएवढा, चावणं भरपूर, पाणी जेवणानंतर अर्ध्या तासानं. मला पोळीपेक्षा ज्वारीची भाकरी ताकात मऊ करून लवकर सोसली.

चिवडा मात्र अडकत नाही, आणि खरी गोम तिथे आहे. फरसाण, बिस्किटं, आइस्क्रीम, उसाचा रस, दिवसातून पाच वेळा दूध-साखरेचा चहा हे सगळं त्या नळीतून सुळकन खाली जातं. ताटातलं जेवण अर्ध्या वाटीवर संपतं आणि येता-जाता मूठ-मूठ चिवडा दिवसभर चालतो. त्यात भूकही परत येते. स्लीव्हमध्ये भुकेचं संप्रेरक तयार करणारा जठराचा मोठा भाग जातो, म्हणून पहिलं वर्ष भूक जवळजवळ नसते. मला वाटलं, गेली. चौदाव्या महिन्यात एका संध्याकाळी कोपऱ्यावरच्या भेळेच्या गाडीपाशी तोंडाला पाणी सुटलं आणि मी चक्क घाबरले. तोवरच्या वर्षात सवय बदलली असेल तर तीच पुढे कामाला येते.

केस गळतात, तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात, मूठभर. बहुतेकांचे परत येतात, प्रथिनं पोटात गेली तर. रोज किमान 60 ग्रॅम हवीत. एका अंड्यात 6, वाटीभर घट्ट वरणात साधारण तेवढीच, 100 ग्रॅम पनीरमध्ये 18 च्या आसपास. शाकाहारी माणसानं ही बेरीज रोज वहीत मांडावी, आणि पातळ वरणाला वरण म्हणू नये. त्यात चतुर्थी, गुरुवार, साबुदाणा. पहिलं वर्ष देवाला सांगून उपवास सोडा.

गोळ्यांची वेळ चुकते. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, मध्ये दोन तास तरी हवेत, आणि लोहाची गोळी चहाबरोबर गिळली तर तिचा बराचसा उपयोग वाया जातो. पित्ताशयातले खडे टाळण्यासाठी सहा महिने गोळी दिली असेल तर ती पुरी करा. दारू पूर्वीपेक्षा लवकर आणि जास्त चढते, गाडी चालवणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावं.

आणि काही गोष्टींत घरगुती उपाय अजिबात नकोत. पहिल्या काही आठवड्यांत ताप, नाडी 120 च्या वर, दम लागणं, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखणं, पोटरीला सूज यातलं काही झालं तर ‘गॅस असेल’ म्हणून ओवा चावत बसू नका, ऑपरेशन केलेल्या टीमला त्याच क्षणी फोन करा. टाक्याच्या रेषेतून गळती किंवा रक्ताची गुठळी असू शकते. सारख्या उलट्या होत राहिल्या तर बी1 जीवनसत्त्व संपून मेंदूला इजा होऊ शकते. तिथेही थांबणं नाही.

इंजेक्शन आलंय, मग ऑपरेशन कशाला?

2025 मध्ये टिर्झेपेटाइड आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड भारतात आल्यापासून ग्रुपवर हा प्रश्न दुसऱ्या नंबरवर आहे. प्रश्न रास्त आहे. चाचण्यांत सेमाग्लुटाइडनं सरासरी 15 टक्के, टिर्झेपेटाइडच्या मोठ्या डोसनं 21 टक्क्यांच्या जवळपास वजन उतरलं. पण सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन-तृतीयांश परत आलं. बीएमआय 31 असेल तर मी आधी औषधाबद्दल विचारेन. 45 असेल तर दोन्हींबद्दल. ‘सहा महिने टोचून घेते आणि सोडते’ हा बेत असेल तर पैसे वाचवा.

वजन वाढलं की फॉलोअप बुडवणं

चौथ्या वर्षी माझं 77 चं 82 झालं आणि मी दोन अपॉइंटमेंट टाळल्या. तोंड कसं दाखवायचं? त्या काळात बी12 किती खाली गेलं ते मला कळलंच नाही, हातापायाला मुंग्या यायच्या तेही वयावर ढकललं. शेवटी बहीण हाताला धरून घेऊन गेली. आहारतज्ज्ञ मुलगी माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. तिनं काट्यावरचा आकडा वहीत लिहिला, 84, मान वर न करता विचारलं, ‘काकू, गोळ्या चालू आहेत का?’