बोटीच्या ट्रेलरचा जॅक वर उचलत नव्हता : माझा अनुभव

बामणोलीला शिवसागराच्या (कोयना धरणाच्या जलाशयाच्या) काठावर ट्रेलरच्या पुढच्या जॅकचे हॅन्डल फिरे, पण ट्रेलरची गाडीला जोडायची दांडी उचलली जात नसे. ग्रीस भरले, पिन बदलली; स्क्रूचे आटेच झिजल्यामुळे सारा हंगाम मनस्तापात गेला.

शेवटी चाकांना उट्या लावून, इंजिन व भरलेल्या टाकीसह ट्रेलर समपातळीत आणून, दांडीच्या टोकाखाली वजनकाटा ठेवला: ७० किलो. मग दांडीची जमिनीपासूनची उंची आणि गाडीच्या मागच्या, ट्रेलर जोडायच्या गोळ्याच्या माथ्याची उंची मोजली; दांडीचा हूक गोळ्यावरून सुटण्यासाठी माथ्याहूनही ५-६ सेंमी जास्त उचल लागते, हे सहज विसरले जाते. त्यानुसार ४५० किलो क्षमतेचा, प्रवासात आडवा वळणारा, गॅल्वनाइज्ड (जस्ताचा थर दिलेला) जॅक निवडला आणि दांडीच्या चौकोनी पाइपाचे माप ताडून बोल्टांनी बसवला. वेल्डिंग टाळले, कारण त्याने जस्ताचा थर जळतो व तिथूनच गंज धरतो.