लष्करी उड्डाण तास विमान कंपनीच्या लॉगबुकात उतरवताना

अमेरिकी हवाई दलातून विमान कंपनीत जायचं असेल, तर निवृत्तीची वाट न पाहता वर्दीत असतानाच नागरी लॉगबुक लिहायला घ्या. दलाच्या संगणकीय नोंदीत प्रायमरी, सेकंडरी (वैमानिकाच्या जागेवर, पण कंट्रोल्स दुसऱ्याकडे), इन्स्ट्रक्टर (शिकवताना), इव्हॅल्युएटर (परीक्षा घेताना) आणि अदर (यांपैकी कोणतंच काम नसताना) असे तास मिळतात. त्या दिवशी विमानाची कमान कोणाकडे होती, हे त्यात दिसत नाही, आणि कंपनी नेमकं तेच विचारते.

मोठी चूक इथेच होते. प्रायमरी म्हणजे कंट्रोल्स हातात होते, एवढंच. ती बेरीज जशीच्या तशी पीआयसीच्या (पायलट इन कमांड, म्हणजे विमानाचा प्रमुख वैमानिक) रकान्यात टाकली, तर सहवैमानिक म्हणून केलेले तासही त्यात शिरतात आणि मुलाखतीत कागद पडताळताना आकडा टिकत नाही. एफएएच्या (अमेरिकेचं नागरी विमान वाहतूक नियामक) नियमानं, रेटिंग (ते चालवण्याची अधिकृत पात्रता) असलेल्या विमानाचे कंट्रोल्स एकट्यानं हाताळलेला वेळ पीआयसी म्हणून नोंदवता येतो. कंपन्या मात्र बहुधा विमानाची अंतिम जबाबदारी ज्याच्याकडे होती त्यालाच पीआयसी मानतात. म्हणून दोन वेगळे रकाने ठेवा आणि प्रत्येक सॉर्टीच्या (एका उड्डाणफेरीच्या) उड्डाण आदेशाची प्रत जपा. कमांडर कोण होता, याचा पुरावा तोच. ‘अदर’ तास एकूण बेरजेत मिसळू नका.

आता टॅक्सीचा, म्हणजे विमान जमिनीवर धावपट्टीपर्यंत नेण्याचा वेळ. दल साधारण टेकऑफच्या धावेपासून वेळ मोजतं. नागरी नियमात विमान उड्डाणासाठी स्वतःच्या शक्तीनं हललं की घड्याळ सुरू होतं. हा फरक भरून काढायला काही कंपन्या दर सॉर्टीमागे ०.२ किंवा ०.३ तास वाढवू देतात. ७०० सॉर्टी आणि ०.३ गुणक धरला, तर २१० तास वाढतात. पण गुणक कंपनीगणिक बदलतो, म्हणून लॉगबुकात मूळ तासच लिहा, शेजारी सॉर्टींची संख्या ठेवा आणि वाढ फक्त अर्जात दाखवा.

लष्करी वैमानिकाला रिस्ट्रिक्टेड एटीपी (कंपनीत सहवैमानिक होण्यासाठीचा मर्यादित एअरलाइन परवाना) १,५०० ऐवजी ७५० तासांवर मिळू शकतं. त्यासाठी २०० तास क्रॉस-कंट्री (लांब पल्ल्याचं उड्डाण) लागतात, आणि दलाच्या नोंदीत हा रकानाच नसतो. निघालेल्या तळापासून सरळ रेषेत ५० सागरी मैलांपलीकडे गेलात तर दुसरीकडे न उतरताही ते उड्डाण इथे चालतं. सरावक्षेत्र ७० मैलांवर असेल तर त्या सॉर्टी हक्कानं मोजा. सिम्युलेटरचे तास वेगळे ठेवा. आणि तळ सोडण्यापूर्वी संपूर्ण उड्डाण इतिहास छापून घ्या, नुसता बेरजेचा गोषवारा नको.