बियाणं पुढच्या हंगामापर्यंत जिवंत ठेवायचं तर

बियाण्याचे खरे शत्रू दोन, ओल आणि ऊब. ढोबळ हिशेब असा: बियाण्यातला ओलावा १ टक्क्याने उतरला की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं आणि साठवणीचं तापमान ५ अंशांनी उतरलं तरी तसंच. म्हणून आधी वाळवण. बी सावलीत, हवेशीर जागी, कागदावर पातळ पसरा. कडक उन्हात किंवा ओव्हनमध्ये घाई केलीत तर अंकुरच मरतो. भोपळ्याची बी वाकवल्यावर लवचीकपणे वळली तर अजून ओली आहे. कडकन मोडली की झालं.

मग कागदी पाकिटात भरून नाव आणि साल लिहा. (लक्षात राहील म्हणतो आपण, राहत नाही.) पाकिटं घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, सोबत सिलिका जेलची पुडी, आणि बरणी फ्रिजमध्ये. बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर गार बियांवर दव धरतं आणि सगळी मेहनत पाण्यात.

कांद्याचं बी वर्ष-दोन वर्षांतच दम तोडतं, ते साठवण्यात फार जीव गुंतवू नये. टोमॅटो, काकडी चार-पाच वर्षं सहज टिकतात. आंबा-फणसाच्या बिया मात्र वाळल्या की मरतात, त्या ताज्याच लावा.

जुन्या पाकिटाबद्दल शंका असेल तर १० बिया ओल्या कागदात गुंडाळून उबदार जागी ठेवा. पाचच उगवल्या तर पेरताना बी दुप्पट टाका.